जुना कॉम्प्युटर देण्याआधी

गेल्या रविवारी सकाळी सातला काकांचा फोन. "अगं, नव्या कॉम्प्युटरवर माझे मेल दिसत नाहीत. सगळं गेलं का?"

शनिवारी चुलतभावाने त्यांना नवा कॉम्प्युटर लावून दिला होता. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फोटो सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, थंडरबर्ड डाउनलोड केलं, पत्ता आणि पासवर्ड टाकला. इनबॉक्समध्ये चार मेल आले, चारही त्याच दिवसाचे. जुना कॉम्प्युटर तोवर रावपुऱ्यातल्या एका दुकानात एक्स्चेंजमध्ये गेला होता आणि सोमवारी फॉरमॅट होणार होता.

त्यात २००९ पासूनचे इंदूरच्या आत्याचे मेल होते, रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहिलेले. आमची वंशावळही तिनेच तुकड्यातुकड्यांनी त्यातून पाठवली होती. आत्या आता नाही.

तुम्ही म्हणाल, मेल इंटरनेटवर असतात, जातील कुठे? जीमेलवर वाढलेल्यांना तसं वाटणारच. पण काकांचं खातं जुन्या इंटरनेट कनेक्शनबरोबर मिळालेलं, आणि ते 'पॉप' पद्धतीने लावलेलं. पॉप म्हणजे पोस्टमनने पत्र घरात आणून टाकलं, पोस्टात काही उरलं नाही. (सर्व्हरवर प्रत ठेवायची सोय असते, काकांकडे ती बंद होती.) 'आयमॅप'मध्ये पत्रं पोस्टातच राहतात, आपण मोबाइलवरून, लॅपटॉपवरून तीच वाचतो. कुठलं आहे ते कळायला सोपी युक्ती: ब्राउझरमधून खात्यात लॉगिन करा. जुने मेल तिथे दिसत नसतील तर ते फक्त कॉम्प्युटरवर आहेत. पाठवलेले मेलही तपासा, पॉपमध्ये तेही घरीच राहतात.

भावाची चूक म्हणावी अशी नव्हती. थंडरबर्ड मेल डॉक्युमेंट्समध्ये ठेवतच नाही. ते असतात सी ड्राइव्हवर युजर्स, आपलं नाव, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स अशा वाटेवर, आणि ॲपडेटा हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. म्हणून शोधाशोध न करता थंडरबर्डच्या 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडायचं. तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर 'ओपन फोल्डर' असं बटण असतं.

दुकान रविवारी बंद. मालकांना फोन केला, काकांनी गुजरातीत गळ घातली, आणि त्यांनी शटर अर्धं वर करून दिलं. कॉम्प्युटर कोपऱ्यात तसाच होता. फोल्डर उघडला, मग थंडरबर्ड पूर्ण बंद केलं (चालू असताना कॉपी केलं तर फाइल अर्धवट येऊ शकते) आणि अख्खा प्रोफाइल फोल्डर हार्डडिस्कवर घेतला. त्यातली इनबॉक्स ही एकच भली मोठी फाइल असते, फोल्डरातलं सगळं टपाल तिच्यातच. निवडून काही घेऊ नका, सगळंच घ्या. पासवर्डही त्यासोबत येतात, म्हणून ती डिस्क कुणाच्या हाती देऊ नका.

घरी नव्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरची आणखी एक प्रत केली. 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'च्या पानावरूनच 'अबाउट प्रोफाइल्स' उघडतं. तिथे नवी प्रोफाइल करताना 'चूझ फोल्डर' म्हणून ती प्रत दाखवली, डीफॉल्ट केली आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू केलं. एक लक्षात ठेवा: नवीन कॉम्प्युटरवरचं थंडरबर्ड जुन्याच्या बरोबरीचं किंवा पुढचं हवं. मागचं असेल तर ते ही प्रोफाइल उघडायला नकार देतं.

जीमेलवाल्यांना वेगळाच त्रास होतो. मेल दिसतात, पण पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जातो. साधा पासवर्ड टाकून आत येणं गूगलने २०२२ मध्ये बहुतेक खात्यांसाठी बंद केलं. अकाउंट सेटिंग्जमध्ये ऑथेंटिकेशनपुढे 'ओऑथ२' निवडा, आणि आउटगोइंग सर्व्हरसाठी ते वेगळं निवडा. तिथेच लोक विसरतात आणि मग मेल येतात पण जात नाहीत. लॉगिनची खिडकी अडली तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद नाहीत ना, तेवढं पाहा.

काकांना पुढच्यासाठी आयमॅपचं वेगळं खातं जोडून दिलं, कारण पॉपचं खातं तिथल्या तिथे आयमॅप करता येत नाही. जुनं सगळं 'लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवलं.

मला वाटलं, काका आधी वंशावळ उघडतील. त्यांनी शोधला २०११ चा आत्याचा एक मेल, दोनच ओळींचा: टाइप करून बोटं दुखतात, संध्याकाळी फोन कर.