रोह्याची मशीन

शाबानचा महिना लागला की पूर्वी रोह्याला आमच्या फुफीच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. ओटीवर कापडांचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला चिंधीने बांधलेली मापाची चिठ्ठी, आणि मधोमध सतरंजीवर फुफी व तिची हातमशीन. ईदचे कपडे शिवायला घेण्याची तिची शेवटची तारीख ठरलेली असे, पंधरावा रोजा. त्यानंतर कोणी कितीही गोड बोलले तरी ती कापड हातात घेत नसे. अपवाद एकच होता. ज्या घरात बाप नाही, त्या घरातल्या मुलांचे कापड चांदरातीलाही घेतले जाई. फुफी स्वतः तिशीच्या आत बेवा झालेली, पदरात तीन मुले. त्या तिघांच्या शाळेची फी आणि घरातले किराणा सामान त्या मशिनीतून निघाले. लहानपणी सुट्टीत आम्ही रोह्याला गेलो की दांडा फिरवायचे काम आमचे असे.

यंदा त्याच महिन्यात फुफीचा फोन आला. नातीचा निकाह शव्वालमध्ये ठरला होता. मुलांनी तिला नवी विजेवर चालणारी मशीन घ्यायचे ठरवले, तर पोरगी म्हणाली, मला दादीची हवी. मग घरात चर्चा सुरू झाली. द्यायची तर अशी कळकट कशी द्यायची? एकाने सुचवले, गॅरेजमध्ये नेऊन काळा स्प्रे मारून घेऊ, वर सोनेरी स्टिकर लावू, कोणाला कळणारही नाही. फुफी फोनवर एवढेच म्हणाली, "तुम्ही पेणला घेऊन जा आणि साफ करा. पण परत आणाल तेव्हा माझी मशीन मला ओळखू आली पाहिजे."

पंधरा किलोच्या आसपास वजनाची ती पेटी आम्ही दिव्याच्या गाडीने रोह्याहून पेणला आणली. नागोठण्याला चढलेल्या एका मावशींनी घुमटासारखे लाकडी झाकण पाहून आत हार्मोनियम आहे का, असे विचारले.

घरी आणून उजेडात ठेवली तेव्हा मशीन काळी नव्हतीच, कॉफीसारखी तपकिरी दिसत होती. वेलबुट्टी असेल असे फक्त वाटत होते. दांडा अर्ध्यात अडकत होता. आणि सुईच्या डावीकडे, जिथे कापड सरकवताना फुफीचा तळहात टेकत असे, तिथला काळा थर पार झिजून तळव्याएवढे लोखंड उघडे पडले होते.

मशीन फुफीच्या सासऱ्यांनी जहाजावर नोकरीला असताना आणली, एवढेच घरात ठाऊक होते. बाकीचे मशिनीनेच सांगितले. सिंगरच्या जुन्या मशिनींवर तळाच्या उजव्या बाजूला क्रमांक ठोकलेला असतो. आमचा क्रमांक इंग्रजी ‘वाय’ अक्षराने सुरू होतो. म्हणजे ती १९२०-३० च्या दशकांत स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात बनली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव अजून ‘सिंगर’ आहे. आपल्याकडे या कंपनीचा जम बसवला तो मुंबईचे पारशी गृहस्थ एन. एम. पटेल यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. हप्त्यावर मिळत असल्यामुळे मशीन शिंप्यांच्या आणि मध्यम घरांच्या आवाक्यात आली. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशिनीला अपवाद मानले होते. पुढे कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंगची ‘उषा’ आली आणि घराघरात तीच दिसू लागली. उषामध्ये गोल बॉबीन बसते. फुफीच्या मशिनीत होडीच्या आकाराची लांब शटल आहे, ती पुढेमागे झुलते. तुमच्याकडे यांपैकी कोणतीही असो, जुनी काळी मशीन असेल तर पुढचे सारे तिलाही लागू पडेल.

साफसफाईला हात घालण्याआधी वरचा थर कशाचा आहे हे समजून घ्यावे लागते. हा साधा काळा रंग नव्हे. डांबराच्या जातीचे बिट्युमेन आणि जवसाचे तेल यांचे काळे रोगण लोखंडावर चढवून ते भट्टीत भाजत. त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि नाव छापकागदावरून उतरवत, आणि ती पुसली जाऊ नये म्हणून वर पारदर्शक रोगणाचा हात देत. जुन्या मशिनींवरचे हे वरचे रोगण बहुधा लाखेच्या जातीचे. लाख म्हणजे तीच, झारखंड-छत्तीसगडच्या जंगलात पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे तयार करतात ती. लाखेला तेल चालते. स्पिरिट चालत नाही, त्यात ती विरघळते. धुण्याच्या सोड्यानेही ती मऊ पडते.

म्हणून घरात साफसफाईसाठी हाताशी असलेल्या बहुतेक बाटल्या इथे दूरच ठेवायच्या. थिनर नको, नेलपॉलिश काढायचे पाणी नको, काच पुसायची फवारणी नको, सॅनिटायझर तर अजिबात नको. भांडी घासायची काथ्या किंवा स्क्रबर काळ्या भागावर फिरवला की चरे पडलेच म्हणून समजा. वरचे रोगण जिथे आधीच गेले असेल तिथे साबणाचे पाणीही नुकसान करते. वेलबुट्टीची सोनेरी छटा निघून जाते, खालचा पांढरट धातू दिसू लागतो, आणि तो परत सोनेरी होत नाही.

चालते ते फक्त मशीनचे तेल. पाण्यासारखे पांढरे, छोट्या बाटलीत मिळते तेच. आम्ही आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली. सुई, शटल, सरकपट्टी काढून ठेवली आणि काढण्यापूर्वी प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो घेतला. मग मशिनीच्या मागच्या बाजूला, खाली, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी जुन्या मलमलीला तेल लावून पुसून पाहिले. फडक्यावर तपकिरी आले तर ती घाण. काळे किंवा सोनेरी आले तर थांबायचे. आमच्या फडक्यावर तपकिरीच आले, अल्हम्दुलिल्लाह.

त्यानंतर घाई उपयोगाची नाही. रात्री सगळ्या काळ्या भागावर तेलाचा हात द्यायचा, सकाळी नव्या फडक्याने टिपून घ्यायचे, वेलबुट्टीवर तर रगडायचेच नाही. असे आठ दिवस चालले. चौथ्या दिवशी मानेवरची पहिली सोनेरी पाने दिसली तेव्हा आमच्या धाकटीने शाळेचे दप्तर दारातच टाकले आणि तीही फडके घेऊन बसली. काही मशिनींवर इजिप्तच्या स्फिंक्सचे चित्र असते. आमच्यावर नुसती पाने आणि वेली निघाल्या. जुन्या साड्यांच्या काठावर असतात तशा.

आतला भाग त्या मानाने सोपा. सुईच्या खालच्या पट्टीचे स्क्रू काढले तर दात्यांमध्ये कापसाची नमद्यासारखी घट्ट वडी जमलेली. ती काडीने उकरून काढली. तेलाच्या भोकांतून दोन-दोन थेंब रॉकेल सोडले, दांडा हलका हलका मागेपुढे केला, रात्रभर ठेवले. हे काम शेगडीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करायचे, आणि वेलबुट्टीवर थेंब पडू द्यायचा नाही. सकाळी खालून मधासारखा पिवळा चिकट राब निघाला. वास घेतला तर खोबरेल. मशिनीत खोबरेल तेल घालणे ही आपल्या कोकणात घरोघरची चूक आहे. दोन दिवस मशीन लोण्यासारखी चालते, नंतर तेच तेल सुकून गोंद होते आणि थंडीत तर दांडाच हलत नाही. कोणत्या अडाण्याने हे केले म्हणून आम्ही भरपूर बोललो. रॉकेल पुसून काढले आणि सगळीकडे मशीनचे तेल दिले. मशीन सुटली. चाकाच्या चकचकीत कडेवर गंज होता, त्याला अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून लावली. पण उघड्या धातूवरच, काळ्याला ती टेकवलीही नाही.

आता चुकीची गोष्ट सांगतो. लाकडी पेटी आणि झाकणाचे पॉलिश उडाले होते. लाकडासाठी सुताराचे फ्रेंच पॉलिश योग्य. म्हणजे चपडा, तीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचे, एक सुकल्यावर दुसरा. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी ते शिकवले आणि झाकण सुरेख झाले. रोज्याची दुपार होती, अस्र अजून झाली नव्हती, डोळ्यांवर झापड होती. मशिनीच्या मानेवर धुळीचा एक डाग दिसला. शेजारी पडलेले फडके उचलले आणि पुसले. फडके स्पिरिटचे होते. एकच हात फिरला. ‘सिंगर’ या इंग्रजी नावाच्या सहा अक्षरांतले शेवटचे ‘आर’ फडक्यावर आले.

शंभरीकडे झुकलेल्या, जहाजातून आलेल्या, तीन मुले वाढवलेल्या मशिनीचे अक्षर आमच्या हाताने एका क्षणात गेले. त्या दिवशी इफ्तारला घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही.

पेणमध्ये सोनेरी रेघ मारणाऱ्या हातांची कमी नाही. गणपतीच्या मूर्तींची आखणी करणारे आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. इतकी वर्षे केसाएवढ्या रेघा मारत आले आहेत. त्यांच्याकडे मशीन नेली आणि तेवढे एक अक्षर लिहून देता का, विचारले. त्यांनी चष्मा काढून, नाक जवळजवळ टेकवून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "लिहीन. पण माझे अक्षर नवे दिसेल. ते जुळायला मग ही पाच अक्षरेही उजळावी लागतील, मग वेलही, मग काळाही. तुम्ही कुठे थांबणार ते आधी ठरवा, मग या." पैसे विचारले तर त्यांनी मान हलवली. आम्ही मशीन तशीच घरी आणली.

गॅरेजच्या स्प्रेचा प्रश्न आमच्यापुरता तिथे संपला. काळ्या भागावर घासण्याची पूड नसलेल्या मेणाच्या पॉलिशचा एक पातळ हात दिला, आपल्या दमट हवेत तेवढा हवाच. तळहाताच्या झिजलेल्या जागेवर काहीही चढवले नाही. उघड्या लोखंडाला पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून तेवढे तेलाचे बोट महिन्यातून एकदा फिरवावे लागेल, ते नातीला चिठ्ठीवर लिहून दिले. बाजारातून तिच्या शटलमध्ये बसतील अशा लांब बॉबीनही शोधून आणल्या. त्या सहज मिळत नाहीत, मिळतील तिथे चार जास्त घेऊन ठेवाव्यात.

विसाव्या रोज्याला मशीन रोह्याला पोहोचवली. झाकण काढल्यावर नातीने तोंडावर हात ठेवला. मुलेही गप्प झाली. फुफी मात्र जवळ येऊन खाली बसली आणि आधी तिने डावा तळहात तिच्या जागेवर टेकवला. तो बरोबर बसला. मग वाकून वास घेतला.

"खोबरेलाचा वास गेला," ती म्हणाली. "चाळीस वर्षे मी हिला खोबरेल घालत होते."

आम्ही नातीकडे पाहू लागलो. फुफीचे बोट मानेवरून सरकत नावाच्या शेवटी थांबले. तिला इंग्रजी वाचता येत नाही.

"इथे सहा होती."

आम्ही खरे ते सांगून टाकले. स्पिरिट, फडके, दुपारची झापड, सगळे. फुफीने ऐकून घेतले. "म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे वाया गेले नाहीत," ती म्हणाली आणि नातीला आत पाठवून उशीच्या अभ्र्यांचे कापलेले बारा तुकडे मागवले. नातीने सुईत दोरा ओवला. फुफीने कापड पायाखाली सरकवले, तळहात टेकवला आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाली, "बसा. दांडा फिरवा."

अस्रपासून इफ्तारच्या तयारीपर्यंत आम्ही तो फिरवला. बारा अभ्रे झाले.