लहान जीव, लहान माप

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातली पावसाळी रात्र होती. मुलगा आणि सून कामानिमित्त पुण्याला गेलेले आणि तीन वर्षांची नात आमच्या दोघांच्या हवाली. संध्याकाळी तिचे अंग थोडे कोमट लागत होते. रात्री अकराच्या सुमारास ताप भराभर चढला आणि पाहता पाहता तिला आकडी आली. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. आयुष्यभर बँकेत शांत डोक्याने आकडेमोड करणाऱ्या माझ्या हाताला घराचे कुलूप लागेना.

रिक्षाने आम्ही जवळच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तत्परतेने ऑक्सिजन लावला. पण मास्क होता मोठ्या माणसाचा. त्याने पोरीची हनुवटी झाकली आणि डोळेही झाकले. कडेने हवा सुसाट बाहेर जात होती. “लहान मास्क नाही का?” मी विचारले. “आहे ना, पण कपाटात. किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरांकडे असते.” पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात जा, असे आम्हाला सांगण्यात आले. त्या मुलाचा मला राग आला नाही. राग आला तो किल्लीचा.

दुसऱ्या ठिकाणी पन्नाशीच्या एका सिस्टर पुढे आल्या. “आजोबा, वजन किती हिचं?” मी ठोकून दिले, “पंधरा किलो.” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि भिंतीवरची रंगीत पट्टी काढून नातीच्या शेजारी अंथरली. पट्टीचे लाल टोक डोक्याशी आणि टाच जिथे पोचली तिथला रंग पिवळा. “पिवळा!” एवढेच त्या मोठ्याने म्हणाल्या. दुसऱ्या सिस्टरांनी ट्रॉलीतला पिवळा कप्पा ओढला. मास्क, नळ्या, सुया, सगळे त्या मापाचे, एका जागी. एवढ्यात आमच्या सौ.नी पर्समधून लसीकरणाचे कार्ड काढले. आदल्याच आठवड्यात केलेले वजन त्यावर होते : अकरा किलो. सिस्टर डॉक्टरांना म्हणाल्या, “सर, पट्टी बारा ते चौदा सांगतेय, पण कार्डावर अकरा आहे आणि पोरगी बारीक आहे.” डॉक्टरांनी अकराच्या हिशेबाने औषध दिले. आकडी थांबली. नात आज दुसरीत आहे आणि मला पाढे विचारते.

माझ्या पंधरा किलोंवर विश्वास ठेवला असता, तर औषध एक तृतीयांशाहून अधिक जास्त गेले असते. आकडी थांबवणारी औषधे जास्त झाली तर श्वासही मंदावू शकतो. मी बँकेत पैशाचा ताळा न जमल्याने रात्री दहापर्यंत बसलेला माणूस आणि स्वतःच्या नातीच्या वजनात चार किलोंची चूक करून मोकळा झालो होतो!

पुढे दोन-तीनदा मी त्या सिस्टरांना मुद्दाम जाऊन भेटलो. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक आईबापाने, आजीआजोबांनी ऐकावे असे आहे. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हा त्यांचा पहिला धडा. मोठ्यांसाठी दोन-तीन मापांत काम भागते. मुलांच्या बाबतीत तीन किलोंचे तान्हे बाळ आणि पस्तीस किलोंचा शाळकरी मुलगा एकाच दारातून, एकाच रात्री येऊ शकतात.

आणि माप चुकले तर नुसती गैरसोय होत नाही. मास्क नाकाच्या वरच्या हाडापासून हनुवटीच्या खळगीपर्यंत बसला पाहिजे, डोळ्यांवर दाब येता कामा नये. जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात जी वाकडी नळी घालतात, ती आधी गालावर धरून पाहायची : ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. आखूड असेल तर तीच जिभेला मागे ढकलते, लांब असेल तर घसा अडवते. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या मानाने अरुंद असेल तर आकडा खोटाच वर दिसतो. म्हणजे मूल खचत चाललेले असते आणि यंत्र सांगते, ठीक आहे!

श्वासनळीचे गणित ऐकून तर मी हादरलोच. नळीचा व्यास निम्मा झाला, की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. चार मिलिमीटरच्या बाळाच्या नळीला सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली की दोनच मिलिमीटर वाट उरते. आठ मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली, तर अडथळा जेमतेम तिपटीवर जातो. मोठ्याला जे खपते ते लहानाला खपत नाही, ते यामुळे.

कृत्रिम श्वासासाठी घशात घालायच्या नळीचे एक सूत्र आहे. वयाला चाराने भागा, त्यात चार मिळवा. फुगा नसलेली नळी चार वर्षांच्या मुलाला पाच मिलिमीटरची. शिवाय अर्ध्या मापाने लहान आणि अर्ध्या मापाने मोठी, अशा आणखी दोन हाताशी हव्यात, कारण सूत्र म्हणजे अंदाज. सोपे आहे ना? पण आई हंबरडा फोडत असताना, मूल निळे पडत असताना, रात्री दोन वाजता ही तोंडी गणिते करून पाहा. शिकलेला माणूसही अशा वेळी चुकतो. ती चूक बुद्धीची नसते, भीतीची असते.

म्हणून ती पट्टी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातले डॉक्टर जेम्स ब्रॉसेलो यांनी १९८०च्या दशकात ती तयार केली, फ्लोरिडाचे डॉ. रॉबर्ट लुटेन त्यांचे या कामातले सहकारी. कल्पना साधी : वजन करायला वेळ नसतो, पण उंची डोळ्यांसमोर झोपलेली असते. उंचीवरून वजनाचा अंदाज, वजनावरून औषध, आणि उंचीवरूनच साधनांचे माप. आकड्यांऐवजी रंग. कारण घाबरलेल्या माणसाला आकडा आठवत नाही, रंग दिसतो.

मात्र परदेशी माप डोळे मिटून आपल्या अंगाला लावायचे नसते. भारतीय मुलांवरचा एक अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा किलोंवरच्या मुलांचे वजन ही पट्टी सरासरी दहा टक्क्यांहून अधिक सांगते, असे आढळले. आपली पुष्कळ मुले उंचीच्या मानाने हलकी. “साधनं रंगावरून घ्यायची, पण औषध देताना पट्टीकडे पाहायचं आणि पोराकडेही पाहायचं,” सिस्टर म्हणाल्या. शहरातल्या गुबगुबीत मुलांच्या बाबतीत हीच पट्टी उलट कमी सांगू शकते. खरे वजन ठाऊक असेल तर तेच प्रमाण. यंत्र आणि पट्टी यांच्यावर शेवटची सही अनुभवी माणसाचीच हवी.

आता माझे म्हणणे मांडतो. बँकेत रोखपालाच्या खणात नोटांचे कप्पे असतात. शंभराची नोट पाचशेच्या कप्प्यात सापडली तर रोखपालाला जाब द्यावा लागतो. रोज सकाळी मोजणी, रोज संध्याकाळी ताळा, दोघांच्या सह्या. हे सारे कागदाच्या तुकड्यांसाठी! मग मुलांच्या जिवाच्या ट्रॉलीला एवढी शिस्त का नसावी? प्रत्येक पाळीला कप्पे तपासले जावेत. वापरलेली नळी त्याच रात्री भरून ठेवावी. घशात पाहायच्या यंत्राचा दिवा लागतो का, हे रोज पाहावे. आणि आणीबाणीच्या सामानाला कुलूप नको. तिजोरीला दोन किल्ल्या शोभतात, श्वासाला एकही नाही.

“आमच्याकडे लहान मुलं येतातच किती?” असा प्रश्न छोटी हॉस्पिटले विचारतात. जिथे रोज दहा मुले येतात तिथे हातांना सवय असते. जिथे महिन्याला एक येते, तिथेच पट्टीची आणि कप्प्यांची गरज जास्त. खर्चाचे म्हणाल तर प्लॅस्टिकचे नऊ डबे आणि रंगीत चिकटपट्ट्या यांना कर्जप्रस्ताव लागत नाही. लागते ती कुणीतरी मनावर घेण्याची.

हे मनावर बहुधा सिस्टर घेतात. सामान त्या लावतात, त्या हुडकतात, डॉक्टरांच्या हातात त्या देतात. म्हणून “सर, हे माप मोठं आहे,” असे सिस्टरने म्हटले तर तो आगाऊपणा समजू नये. आमच्याकडे नवा कारकूनसुद्धा मॅनेजरला व्हाउचरमधली चूक दाखवू शकत असे, आणि शहाणे मॅनेजर त्याचे आभार मानत. त्या रात्री सिस्टर दबून गप्प राहिल्या असत्या तर? मुलांचे काम शिकलेल्या सिस्टरांची उठसूट दुसऱ्या विभागात बदली करणे, हाही तोट्याचाच व्यवहार.

आणि आपण घरच्यांनी काय करावे? मुलाचे वजन दर दोन-तीन महिन्यांनी करून तारखेसह लिहून ठेवावे. फ्रिजवर, कार्डावर, मोबाइलमध्ये, कुठेही. पण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या जागी. आपल्याला गॅसचा नंबर पाठ असतो, विजेचे बिल आठवते. नातवंडांचे वजन विचारले की “असेल पंधरा-वीस” म्हणतो.

आमच्या घरी आता स्वयंपाकघराच्या दारामागे एक कागद आहे. दर गुढीपाडव्याला, नागपंचमीला आणि दिवाळीला नातीचे वजन त्यावर लिहिले जाते. लिहितात सौ. माझ्यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही, आणि मला वाटते, ते योग्यच आहे.