पहारेकऱ्याची परीक्षा
संगणकाच्या मालकाच्या नकळत त्याचे पासवर्ड, बँकेचे तपशील किंवा कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपून ती माहिती तिऱ्हाइताकडे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला स्पायवेअर म्हणतात, आणि त्याला अडवणारे सॉफ्टवेअर घरच्या संगणकाला खरोखर किती संरक्षण देते, हे जाहिरातीतील दाव्यांवरून ठरवता येत नाही. ‘आयकार’ ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल पकडली गेली, तर स्कॅनर चालू आहे एवढेच सिद्ध होते; अनोळखी हेर त्याला ओळखता येईल का, हा प्रश्न शिल्लकच राहतो. म्हणून जर्मनीतील माग्डेबुर्गची ‘एव्ही-टेस्ट’ ही संस्था जुन्या नमुन्यांबरोबरच ‘झिरो-डे’, म्हणजे ज्यांची ओळखखूण अद्याप नोंदलेली नाही अशा, हल्ल्यांचाही वापर करते, आणि संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम व वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण ठेवते. यांतील तिसरा, खोटे इशारे मोजणारा निकष महत्त्वाचा आहे, कारण निर्दोष फाइलला वारंवार दोषी ठरवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करण्याचीच सवय लावते. इन्सब्रुकच्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्हज’ या चाचणी-संस्थेने तर जिथे सॉफ्टवेअर निर्णय वापरणाऱ्यावर सोपवते, तिथे निम्मेच श्रेय देण्याची पद्धत ठेवली. स्पायवेअर अनेकदा फुकटच्या प्रोग्रॅमसोबत, न वाचता दिलेल्या संमतीच्या आडून शिरत असल्याने ही काटकसर रास्त ठरते. अर्थात कोणताही निकाल त्या आवृत्तीपुरता आणि त्या काळापुरताच खरा असतो. त्यामुळे एका चाचणीतील अव्वल क्रमांकापेक्षा अनेक चाचण्यांतील सातत्य अधिक विश्वासार्ह मानावे.