चैत्रातली परसबाग



शिमगा सरला, ऊन चढू लागले. रब्बीची खळी उरकत आली की घरच्या मंडळींचे लक्ष परसाकडे वळते. गवार, भेंडी फुलावर येते, काकडी-दोडक्याचे वेल चढू लागतात, मोगऱ्याला कळी धरते. नेमक्या याच दिवसांत तक्रारीही सुरू होतात.

परवा एका गावी गेलो असता एका ताईंनी परसात नेले. लाल भोपळ्याचा वेल गोठ्याच्या छपरावर पसरला होता. म्हणाल्या, "साहेब, फुलं मोप येतात, पण भोपळा धरत नाही. बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळतो. उपटून टाकू का?"

मी म्हटले, "ताई, उपटू नका. आधी हे सांगा, यावर काही फवारले का?" मावा दिसला म्हणून घरधन्यांनी कपाशीचे उरलेले औषध दोनदा मारले होते, तेही भल्या सकाळी.

आता यातले वर्म पाहा. भोपळ्याची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो, नर फुलाला नुसता देठ. नर फुले गळणारच, त्याची काळजी नको. पण मादी फुलाला पराग मिळाला नाही तर मागचा भोपळा गळतो. पराग नेण्याचे काम मधमाशी करते आणि भोपळ्याचे फूल पहाटे उमलते. त्याच वेळी विषारी औषध मारले तर माशी मरते.

यावर उपाय सोपा आहे. दिवस उगवताच ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि आतला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. दुधी व दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यांना हे काम तिन्हीसांजेला करावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कपाशीचे औषध परसबागेत कधीही मारू नका. आज फवारलेली भाजी उद्या लेकरांच्या ताटात जाते. औषधाचा रिकामा डबाही पाण्याला किंवा धान्याला वापरू नका. माव्यासाठी 500 ग्रॅम निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून 10 लिटर पाणी करावे, त्यात चिमूटभर साबणचुरा घालावा आणि संध्याकाळी फवारावे. दुधी-दोडक्याच्या उमललेल्या फुलांवर मात्र ते उडवू नये.

पाणी डोक्यावरून आणावे लागत असेल तर वेलाच्या आळ्यात कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, भरून वर झाकण ठेवावे. पाणी मुळाशी झिरपत राहते. आळ्यात उसाचे पाचट किंवा वाळला पाला पसरावा. मोरीचे पाणी केळीला व शेवग्याला द्यावे, पालेभाजीला देऊ नये. मोगऱ्याला कळ्या असताना पाण्याची ओढ बसू देऊ नका.

पंधरा दिवसांनी त्याच वाटेने गेलो. छपरावर नारळाएवढे चार भोपळे होते. ताई म्हणाल्या, "साहेब, रोज पहाटे आमची नात फुलं लावते." औषधाचा डबाही घरातून हलला होता.

तुमच्या परसात काय चालले आहे, जरूर कळवा. पुढील लेखात पावसाळी भाज्यांचे बियाणे घरी कसे धरावे ते पाहू.