व्यवहाराच्या गोष्टी : जास्तीच्या पैशांचा चेक

दोस्तांनो, आज एक गणित घालतो. समजा, अमेरिकेत शिकणाऱ्या एका दादाने आपली जुनी सायकल २०० डॉलरला विकायला काढली. गिऱ्हाइकाने चेक पाठवला, पण १२०० डॉलरचा! सोबत चिठ्ठी : 'चुकून जास्त रक्कम लिहिली गेली. वरचे १००० माझ्या गाडीवाल्याला पाठवा. तो सायकल घेऊन जाईल.' दादाने चेक बँकेत भरला. दोन दिवसांत खात्यावर १२०० दिसले. त्याने १००० पाठवले. सायकलही गेली. सांगा पाहू, दादाला किती मिळाले?

२००? छे! काही आठवड्यांनी चेक बनावट निघाला आणि बँकेने १२०० परत काढून घेतले. म्हणजे पदरचे १००० गेले, वर सायकल गेली!

असं का झालं? तिथल्या कायद्याप्रमाणे चेकचे पैसे बँकेला थोड्याच दिवसांत खातेदाराला वापरू द्यावे लागतात. चेक खोटा आहे, हे कळायला मात्र कधीकधी आठवडे लागतात. भामट्यांचा डोळा असतो तो या मधल्या दिवसांवर.

मनीऑर्डरही नकली निघते. तिकडे ती चेकसारखा छापील कागद असते. टपाल खात्याची खरी मनीऑर्डर उजेडासमोर धरली, की बेंजामिन फ्रँकलिन यांचा चेहरा कागदात उमटलेला दिसतो. शिवाय देशातल्या देशात ती १००० डॉलरहून मोठी नसतेच. शंका आली तर तक्रार टपाल खात्याच्या तपास विभागाकडे किंवा फेडरल ट्रेड कमिशनकडे करायची.

आपल्याकडे हाच खेळ मोबाइलवर चालतो. 'तुमच्या खात्यात ५००० जमा' असा खोटा मेसेज येतो. मागोमाग फोन : 'काका, चुकून आले हो, दवाखान्याचे पैसे आहेत, लगेच परत करा!' अशा वेळी मेसेजवर जाऊ नका. आईबाबांना खात्यातली शिल्लक बघायला सांगा. पैसे खरोखर आले असतील, तरी परस्पर पाठवू नका. बँकेला कळवा, बँक बघून घेईल.

आणि पैसे गेलेच तर? लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितकी घाई कराल, तितकी ते पैसे वाटेतच अडवले जाण्याची आशा जास्त. मेसेज, चेक, पाकीट काही फाडू नका, पुसू नका. तोच पुरावा!

आज जेवताना हे गणित घरातल्या मोठ्यांना घाला. बघू, कोण चुकतं ते!