रेंगाळणारा ताप आणि हृदयाची झडप

सावनेर परिसरात संत्र्याचा हंगाम सुरू झाला की घरातील वडीलधारी मंडळीही बागेत खेपा घालू लागतात. अशाच एखाद्या आजोबांच्या अंगात संध्याकाळी कणकण भरते, जेवणावरची वासना उडते, महिनाभरात सदरा सैल होतो. ‘आता वय झाले’ असे म्हणत घरची मंडळी दुकानातून प्रतिजैविकाच्या चार गोळ्या आणतात. ताप उतरतो आणि गोळ्या संपताच परततो. आजोबांची झडप काही वर्षांपूर्वी बदललेली आहे, हे मात्र कोणी बोलत नाही.

हा झडपेचा जंतुसंसर्ग, म्हणजे ‘इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस’, असू शकतो. हिरड्या, मूत्रमार्ग, त्वचेवरील जखम किंवा शिरेतील सुई यांवाटे जंतू रक्तात शिरतात आणि कृत्रिम किंवा वयोमानाने कॅल्शियम साचून खडबडीत झालेल्या झडपेवर ठाण मांडतात. वार्धक्यात ताप कधी नावापुरताच असतो. थकवा, भ्रम किंवा अकस्मात पक्षाघात हेच पहिले लक्षण ठरते.

निदानाची भिस्त ब्लड कल्चरवर असते. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या शिरांतून रक्ताचे बहुधा तीन नमुने घेतात. आधीच पोटात गेलेल्या चार गोळ्या झडपेवरील जंतूंचा नायनाट करीत नाहीत. त्यांना केवळ दडवतात. मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध निवडावे लागते. म्हणून झडपेचा आजार, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावी. पुढे टूडी इको करावी लागते. कधी अन्ननलिकेतून नळी घालूनही झडप पाहतात.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरलाच निवर्तले. त्या काळी झडपेला असा संसर्ग झाला की रुग्ण सहसा वाचत नसे. १९४०च्या दशकात पेनिसिलिन आले आणि चित्र पालटले. आजही उपचार सोपा नाही. शिरेतून साधारण चार ते सहा आठवडे प्रतिजैविके द्यावी लागतात, काहींना शस्त्रक्रियाही.

दातांकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. आपल्या भागात खर्र्याने सोलवटलेल्या हिरड्या काही दुर्मीळ नाहीत! कृत्रिम झडप असल्यास दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना तसे सांगावे; अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविकाची एक मात्रा ते देतात.

शस्त्रक्रियेचा कागद आजोबांच्या खिशात ठेवावा. ताप तीन-चार दिवस टिकला तर तो घेऊन डॉक्टरांकडे जावे. धाप लागली किंवा बोलणे अडखळले, तर तेवढेही थांबू नये.