कंपासपेटीत मावणारे व्यसन

ई-सिगारेटचे समर्थक निरनिराळ्या यंत्रांची तुलना करू लागले की आपण मोबाइलच्या दुकानात उभे आहोत असे वाटते. कोणते यंत्र लहान, कोणते एका चार्जिंगवर दिवसभर चालते, कोणाची बॅटरी फुटत नाही! ही तुलना आता पालकांनीच करून पाहिली पाहिजे.

प्रारंभीच्या यंत्रांनंतर मूठभर आकाराची ‘मॉड’ यंत्रे आली. त्यांत बहुधा १८ मि.मी. व्यासाचा आणि ६५ मि.मी. लांबीचा लिथियम-आयन घट असतो. काही यंत्रांत वीजप्रवाह नियंत्रित करणारे मंडलच नसते. असा सुटा घट खिशात किल्ल्यांना वा नाण्यांना टेकला की शॉर्ट सर्किट होते, घट तापत जातो, आतील ज्वालाग्राही द्राव पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात आग वा स्फोटाच्या १९५ घटना नोंदविल्या. त्यांतील सुमारे एक तृतीयांश खिशातल्या होत्या. २०१८ साली फ्लोरिडात आणि २०१९ साली टेक्सासमध्ये अशा स्फोटाने माणसे दगावली.

यावर समर्थक म्हणतात, ती जुनी यंत्रे झाली. नवी लहान आहेत, घट सीलबंद आहे. हे खरेही आहे. लहान घटात ऊर्जा कमी, म्हणून स्फोटाचे बळही कमी. पण ग्यानबाची मेख येथेच आहे. लहान यंत्रातून वाफ थोडी निघते. तेवढ्या वाफेतून निकोटिनची तलफ भागवायची तर द्रव अधिक तीव्र करावा लागतो. तीव्र द्रवाने घसा जळतो, म्हणून निकोटिनचे क्षार वापरात आले. ठसका नाही, धूर नाही, वर फळांचा सुगंध! २०१५ साली अमेरिकेत आलेले ‘जूल’ हुबेहूब पेनड्राइव्हसारखे दिसे. त्याच्या ०.७ मिलिलिटरच्या एका कुपीत साधारण एका पाकिटाइतके निकोटिन असल्याचे खुद्द कंपनीच सांगत असे. २०१८ पर्यंत तेथील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील दर पाचांतला एक विद्यार्थी ई-सिगारेट ओढू लागला होता. बॅटरी सुरक्षित झाली. मूल झाले काय?

भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून आणि डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी घातली. तेव्हा आक्षेप आला की बिडी-सिगारेट खुली असताना हीच बंद का? आक्षेप वजनदार आहे. बिडी-सिगारेटने होणारी हानी कितीतरी मोठी आहे, आणि सरकारने तिकडेही वळावे. पण घरात एक चोर शिरला आहे म्हणून दुसऱ्यासाठी कडी काढावयाची काय? धूम्रपान सोडविण्याचे साधन म्हणून ब्रिटनचा दाखला दिला जातो. त्या ब्रिटनमध्येही निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि वापरून फेकण्याच्या यंत्रांची विक्री १ जून २०२५ पासून बंद आहे. दाखले देणारे हा भाग सोयीस्करपणे गाळतात.

आपल्याकडील दुखणे निराळे आहे. बंदी असूनही चोरट्या वाटेने माल येतो. लिथियम घटांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. परंतु तस्करीच्या मालाची चाचणी कोण करणार? वेष्टनावर छापलेला निकोटिनचा आकडा तरी कोणी तपासला? म्हणजे ज्या सुरक्षित बॅटरीचे गोडवे गायले जातात, तिची हमी येथे कोणीच देत नाही.

विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. झडतीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षकाला दिलेला आहे. महाविद्यालयाच्या फाटकासमोरील टपरीपासून आरंभ करावा. मुलांच्या वस्तूंकडे पालकांनी डोळसपणे पाहावे. आणि विक्री आढळल्यास तक्रार तोंडी न करता लेखी करावी, ठाण्यातून तिची पोच घ्यावी आणि पंधरवड्याने पुन्हा जाऊन काय कारवाई झाली ते विचारावे.